वाणसामानाच्या यादीतून आहार: ठाणे-नवी मुंबईतल्या घरासाठी

फ्रिजवर चिकटवलेला डाएट चार्ट फार दिवस टिकत नाही. चार्टवर किनोआ, ब्रोकोली आणि ग्रीक योगर्ट. घरात कोलमचा तांदूळ, तूरडाळ आणि काल आणलेली मेथी. संध्याकाळी साडेसातला कळव्याला किंवा घणसोलीला उतरून घरी पोचलेलं माणूस घरात जे असेल तेच शिजवणार. त्यामुळे आहार बदलायचा असेल, तर आधी महिन्याची वाणसामानाची यादी आणि आठवड्याचा भाजीबाजार बदलावा लागतो. डब्यात नाचणीचं पीठ असेल तर कधीतरी भाकरी होते. नसेल तर कितीही लेख वाचा, होत नाही.

खालची पद्धत चौघांच्या घरासाठी लिहिली आहे आणि ती या पट्ट्यात सहज मिळणाऱ्या जिनसांवर बसवली आहे. शाकाहारी घरांनी मासळीचा भाग गाळावा. बाकी सगळं तसंच लागू पडतं.

आधी हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात २००० किलोकॅलरीचं एका माणसाचं दिवसाचं ताट असं दिलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी आणि कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, तेल-तूप २७ ग्रॅम. ही सगळी वजनं कच्च्या, न शिजवलेल्या जिनसांची आहेत.

आता याला चारने आणि तीसने गुणा. महिन्याला धान्य ३० किलो, डाळी-कडधान्यं १० किलो, शेंगदाणे-तीळ-खोबरं असं मिळून ४ किलो, तेल-तूप सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. दूध रोज सव्वा लिटरच्या आत. भाजी आठवड्याला ११ किलो, फळं पावणेतीन किलो. घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील, किंवा कोणी रोज कॅन्टीनमध्ये जेवत असेल, तर त्या मानाने कमी धरा.

हा कागद हातात घेऊन मागच्या दोन-तीन महिन्यांची बिलं काढा. बहुतेक मराठी घरांत एकच चित्र दिसतं. तांदूळ-गहू पुरेसे किंवा जास्त, तेल पाच लिटरच्या पुढे, आणि डाळी-कडधान्यं निम्म्यावर. चौघांना दिवसाला ३४० ग्रॅम कोरडी डाळ लागते, आणि आपण एक वाटी तूरडाळ कुकरला लावतो. ती वाटी दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते. त्यात पाणी घालून आमटी वाढवली की प्रत्येकाच्या वाट्याला प्रथिनं येतात जेमतेम आठ-नऊ ग्रॅम. वरण-भात-भाजी-पोळी हे पूर्ण जेवण आहे ही आपली समजूत कागदावर बरोबरच आहे. फक्त त्यातलं वरण आपण फार पातळ करतो.

प्रथिनांचा हिशेबही इथेच उरकून घेऊ. प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. २५० ग्रॅम धान्यातून बावीस-पंचवीस, ८५ ग्रॅम डाळींतून एकोणीस-वीस, दुधातून नऊ-दहा, दाण्यांतून सात-आठ ग्रॅम मिळतात. बेरीज साठच्या घरात जाते. म्हणजे रोज जिममध्ये वजनं न उचलणाऱ्या माणसाला डब्यातली पावडर लागत नाही. मात्र डाळ निम्मी झाली की आकडा पन्नासवर येतो आणि दर्जाही घसरतो, कारण धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि ते भरून काढायचं काम डाळी करतात.

आपला प्रदेश कोणता धरायचा

ठाण्यात राहणाऱ्याचं ‘स्थानिक’ अन्न म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. कोपरखैरणे-घणसोलीतल्या कितीतरी माथाडी कुटुंबांचं मूळ सातारा-सांगलीचं. त्यांच्या घरी ज्वारी गावाहून पोत्याने येते. घोडबंदर रोडच्या एकाच सोसायटीत खानदेशी, मालवणी आणि वऱ्हाडी शेजारी राहतात. आणि इथले मूळचे आगरी-कोळी मात्र तांदळाची भाकरी, वाल आणि खाडी-समुद्राची मासळी खात आलेत.

मी तीन वर्तुळं धरते. पहिलं ठाणे, पालघर आणि रायगड: भात, नाचणी, वरी, वाल, कुळीथ, रानभाज्या, मासळी, वाड्याचा कोलम, घोलवडचा चिकू, बहाडोलीची जांभळं, अलिबागचा पांढरा कांदा. दुसरं घाटापलीकडचं: नाशिक, जुन्नर, पुरंदर, म्हणजे आपल्या बहुतेक पालेभाज्या, टोमॅटो, मटार, कांदे. तिसरं कोरड्या धान्याचं: सोलापूर-मंगळवेढ्याची ज्वारी, मराठवाडा-विदर्भाची तूर आणि हरभरा, तळकोकणातलं आमसूल. ओला, लवकर नासणारा माल पहिल्या-दुसऱ्या वर्तुळातून घ्यावा. कोरडा, टिकणारा माल तिसऱ्यातून आला तरी काही बिघडत नाही.

इथे एक समज दुरुस्त करायला हवा. जवळचं ते पर्यावरणाला चांगलं आणि लांबचं ते वाईट, असं सरसकट नसतं. ट्रकने किंवा रेल्वेने आलेल्या धान्या-डाळींत वाहतुकीचा वाटा लहान असतो. पीक कसं घेतलं, त्याला किती पाणी आणि खत लागलं, आणि घरी आणल्यावर किती कचऱ्यात गेलं, यांचा वाटा त्याहून मोठा. विमानाने आलेली फळं आणि मासे हा अपवाद. म्हणून सोलापूरची कोरडवाहू ज्वारी मनात किंतू न ठेवता घ्यावी. फ्रिजच्या तळाशी सडलेली जुडी मात्र ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरापायथ्याशी पिकलेली असली तरी तिचं कौतुक नको.

धान्य: भाताला शिव्या न देता

मधुमेहाच्या धास्तीने भात बंद करण्याची लाट आली आहे. कोकणपट्टीतला खरिपाचा भात मुख्यतः पावसाच्या पाण्यावर येतो. या दमट, चिखलाच्या जमिनीत त्याच्याइतकं दुसरं काही नीट येतही नाही. म्हणजे तो इथलाच आहे. अडचण आहे ती प्रमाणाची आणि पॉलिशची. चौघांच्या तीस किलोंत तांदूळ दहा-बारा किलो ठेवा आणि त्यातला निम्मा हातसडीचा किंवा कमी पॉलिशचा घ्या. हातसडीच्या तांदळाला पाणी जास्त लागतं आणि तो तासभर भिजवावा लागतो. कोंड्यात तेल असल्यामुळे तो पावसाळ्यात लवकर खवट होतो, त्यामुळे एका वेळी चार-पाच किलोंपेक्षा जास्त घेऊ नये.

उरलेल्या धान्यात गहू आठ-नऊ किलो, ज्वारी सहा किलो, नाचणी तीन-चार किलो आणि थंडीत एक-दोन किलो बाजरी. नाचणीचं खरं मोल कॅल्शियममध्ये. १०० ग्रॅममध्ये ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे एका भाकरीमागे पावणेदोनशे ते दोनशे. प्रौढाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम आहे. नाचणीतलं सगळंच अंगी लागत नाही, कारण फायटेटसारखे घटक ते अडवतात. मोड आणून, वाळवून दळलेली नाचणी किंवा आंबवलेली आंबील या बाबतीत साध्या पिठापेक्षा सरस. आंबील करायला काहीच कौशल्य लागत नाही. दोन-तीन चमचे पीठ रात्री पाण्यात कालवून झाकून ठेवा, सकाळी उकळत्या पाण्यात घालून शिजवा, कोमट झाली की ताक, मीठ, जिरेपूड. ठाण्याच्या उकाड्यात बिनबोभाट आंबते. जानेवारीत मात्र थोडं ताक आधीच कालवावं लागतं.

भाकरी थापता येत नसेल तर? शहरातल्या निम्म्या घरांची ही अडचण आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. उकड काढून मळलेलं पीठ पोळीसारखं लाटता येतं. नाचणी घावनात, थालीपिठात, इडलीच्या पिठात जाते. सगळी धान्यं एकत्र दळून ‘मल्टिग्रेन’ पोळी करण्याचा मात्र मला फारसा उपयोग दिसत नाही. त्यात शेवटी गहूच जास्त असतो, आणि कुठल्याच धान्याची स्वतःची चव उरत नाही. सोमवारी ज्वारी, बुधवारी नाचणी, शुक्रवारी तांदळाची भाकरी असं वेगवेगळं ठेवलं तर मुलांनाही चवी कळतात. बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडू पडतं, तेव्हा गिरणीवाल्याकडून किलोभरच दळून आणावं.

कडधान्य: इथेच खरा बदल होतो

भात कापून झाला की ठाणे-रायगडच्या शेतांत, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, चवळी, मूग, हरभरा टाकतात. वेगळं पाणी नाही, खतही फारसं नाही. उलट मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत बसवतात. चांगलं पोषण आणि कमी खर्चाची शेती या दोन्ही गोष्टी एका ताटात बसवायच्या तर कडव्या वालांइतकं सोयीचं अन्न या भागात दुसरं नाही. तरी ते आपल्याकडे सणावारी होतं, कारण सोलत बसायला वेळ नाही.

त्याला उपाय असा. शनिवारी रात्री किलोभर वाल भिजत घाला. रविवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा, फडकं चाळणीत ठेवून वर ताट झाका. सोमवारी सकाळपर्यंत मोड येतात, थंडीत संध्याकाळ उजाडते. मोड आलेले वाल कोमट पाण्यात दहा मिनिटं टाकले की सालं चिमटीत सुटतात. हे काम टीव्हीसमोर बसून दोघांनी करावं. एकट्या बाईच्या गळ्यात पडलं तर दुसऱ्या महिन्यात बंद होतं. सोललेल्या डाळिंब्या पाव-पाव किलोच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये ठेवा, दोन-तीन आठवडे छान राहतात. फोडणीत हिंग, हळद, जिरं, वर डाळिंब्या, पाणी, झाकण. शिजत आल्या की आमसूल, गूळ, ओलं खोबरं, कोथिंबीर. डाव जोरात फिरवायचा नाही, नाहीतर डाळिंब्यांचा लगदा होतो. वाल कच्चे कधीही खाऊ नयेत. भिजवून, पाणी टाकून, पूर्ण शिजवूनच खायचे, कारण सुक्या वालांत काही विषारी घटक असतात आणि ते भिजवण्या-शिजवण्यानेच कमी होतात.

वालांच्या खालोखाल कुळीथ. कुळथाचं पीठ घरात असलं की पिठलं दहा मिनिटांत होतं. ऑफिसातून आल्यावर बाहेरून मागवायचा विचार मनात येतो त्या घटकेला हेच उपयोगी पडतं. मसूर भिजवावी लागत नाही. मटकी, मूग आणि चवळी आलटून-पालटून.

महिन्याच्या दहा किलोंची माझी वाटणी अशी: तूरडाळ तीन, मूगडाळ एक, वाल दीड, मटकी-मूग दोन, कुळीथ (अर्धं पीठ, अर्धं अख्खं) एक, चवळी-मसूर एक, बेसन अर्धा. मासे-अंडी खाणाऱ्या घरात यातले दोन-तीन किलो कमी होतील. दिवसाचा नियम एवढाच, की दोन्ही जेवणांत डाळ किंवा कडधान्य हवं, आणि त्यातलं एक तरी चमचा उभा राहील इतकं दाट.

डाळी-कडधान्यांतलं लोह अंगी लागायला सोबत आंबट हवं, पण ते क जीवनसत्त्वाचं आंबट: लिंबू, आवळा, पेरू, कच्ची कोथिंबीर. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय नेमकं उलटं करते, कारण चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं. तासाभराचं अंतर ठेवा.

भाज्या: मंडईत काय विचारायचं

आठवड्याला अकरा किलो भाजी ऐकून पिशवीच डोळ्यांसमोर येते. बटाटा यात धरू नका, तो भाताच्या पंगतीतला. एका खेपेला हे जमत नाही. शनिवारी फळभाज्या आणि कंद, मधल्या वारी पालेभाज्या अशी विभागणी करावी. ठाण्यात जांभळी नाका आणि गावदेवी मंडई, नवी मुंबईत सेक्टरांतल्या मंडया आणि ठिकठिकाणी भरणारे शेतकरी आठवडे बाजार. वाशीच्या एपीएमसीचं, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीचं, आवार घाऊक व्यवहाराचं आहे. सोसायटीतल्या पाच-सहा घरांनी मिळून कांदा, धान्य, कडधान्य घ्यायचं असेल तरच तिकडे जाण्यात अर्थ आहे. एकट्याने गेलात तर भाव कमी लागतो खरा, पण माल घरी सडतो.

पालेभाजी घेताना एक प्रश्न जरूर विचारा: कुठची? रेल्वेच्या रुळांलगत वाढलेला पालक, माठ, अळू नाल्याच्या पाण्यावर वाढलेला असू शकतो. जवळचं म्हणून तो चांगला ठरत नाही. माती धुऊन जाते, पण मुळांवाटे पानांत गेलेले जड धातू धुऊन जात नाहीत. ओतूर, नाशिक, मुरबाड असं उत्तर आलं तर घ्यावी. उत्तर टाळलं गेलं तर भोपळा घ्यावा.

ऋतूंचं गणित असं बसतं. पावसाळ्यात नेहमीच्या पालेभाज्या महाग, चिखलाळ आणि लवकर सडणाऱ्या असतात. तेव्हा पडवळ, शिराळं, दुधी, भेंडी, काकडी आणि रानभाज्या. दिवाळीनंतर चंगळ: मेथी, मुळा, पातीचा कांदा, वालपापडी, ओला हरभरा, तुरीच्या शेंगा, गाजर, कोनफळ, रताळी, करांदे, फळांत पेरू, बोरं, आवळे. फेब्रुवारीनंतर पांढरा कांदा, काकडी, कलिंगड, पुढे कैरी, कोवळा फणस, करवंदं, ताडगोळे, जांभळं. हापूस खावा की, पण मे महिन्यात रोज जेवणानंतर दोन आणि वर आमरस असं केलं तर १०० ग्रॅम फळाचा हिशेब कधीच ओलांडलेला असतो.

रानभाज्यांवर थोडं जास्त लिहिते, कारण त्या या भागाचं खरं धन आहे. पहिल्या पावसाबरोबर मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या ठाकर, कातकरी, वारली बायका पाट्या घेऊन स्टेशनांबाहेर बसतात. पहिल्यांदा शेवळं येतात, जूनच्या आसपास थोडेच दिवस. त्यांच्यामागून टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, दिंडा, कवळा, आणि जुलै-ऑगस्टात करटोली. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे भाज्या ओळखायला आणि करायला शिकता येतं.

करताना काही गोष्टी सांभाळाव्यात. शेवळांनी घशाला खाज येते, म्हणून त्यांच्याबरोबर काकड नावाच्या झाडाची आंबट फळं मिळतात ती घ्यायचीच. न मिळाल्यास चिंच सढळ हाताने. आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकतात. टाकळ्याची फक्त कोवळी पानं, जून झाली की कडवटतात. फोडशीचा मधला पांढरा कडक भाग काढून, बारीक चिरून मूगडाळ घालून परतावी, ही भाजी सगळ्यात सोपी आणि मुलांना आवडणारी. भारंगी उकडून पाणी टाकायचं आणि मग वाल किंवा मूग घालून करायची. येऊरला फिरायला गेलात म्हणून स्वतः खुडून आणू नका. ओळखीचं पान आणि त्याच्यासारखं दिसणारं पान यातला फरक विकणाऱ्या मावशींना कळतो, आपल्याला नाही. भाजी घेताना ‘कशी करायची?’ विचारलं तर त्या न कंटाळता सांगतात. आणि कृपा करून वीस रुपयांच्या वाट्यात घासाघीस करू नये. डोंगर उतरून, पहाटेची गाडी पकडून आलेली बाई आहे ती.

मासळी

१ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते, कारण बरेचसे मासे तेव्हा अंडी घालतात. या दोन महिन्यांत बाजारात दिसणारी पापलेट-सुरमई बर्फातली किंवा बाहेरून आलेली. जुन्या पद्धतीने तेव्हा सुकट खावी. जवळा, सोडे, सुके बोंबील मे महिन्यात भरून ठेवायचे. उन्हात नुसते वाळवलेले बोंबील आणि जवळा यांत मीठ कमी. खारा बांगडा, सुरमईचे खारवलेले तुकडे यांत भरपूर. रक्तदाब असलेल्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. जवळा अख्खाच खाल्ला जातो, त्यामुळे त्यातून प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळतं. मूठभर जवळा चाळून, दोनदा धुऊन, कोरडा भाजून कांद्यात परतला की चौघांचं भाकरीबरोबरचं तोंडीलावणं होतं.

ऑगस्टनंतर ताजी मासळी. इथे माझं मत ठाम आहे: घरच्या रोजच्या जेवणात लहान मासे. मांदेली, बोंबील, तारली, पेडवे, बांगडा. ते लवकर वाढतात, लवकर वितात, स्वस्त असतात, आणि तारली-बांगड्यात ओमेगा-३ चांगलं असतं. मुशी आणि मोठी सुरमई दुसरे मासे खाऊन जगतात, त्यामुळे त्यांच्या अंगात पारा जास्त साठतो. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी ते टाळलेले बरे. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर झालं आणि त्याच वर्षी राज्याने अनेक जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. तळहातापेक्षा लहान पापलेट कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात.

नवी मुंबईकरांना बेलापूरचं दिवाळे गाव, ठाणेकरांना चेंदणी कोळीवाडा आणि बाजारपेठेतल्या ओळखीच्या मावशी. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबलं की मांस परत वर येतं, एवढं पाहिलं की पुरे. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, फ्लेमिंगोंसाठी ती प्रसिद्ध आहे. पण तिच्या काठाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टाही आहे. कालवं, शिंपल्या पाणी गाळून जगतात आणि पाण्यातलं सगळं अंगात साठवतात, म्हणून खाडीतली शिंपली-कालवं क्वचितच खावीत.

मासे तळण्यापेक्षा कालवण किंवा तिखलं करावं. आठवड्यातून दोन-तीनदा मासळी पुरे. तळलेले तुकडे रविवारी.

तेल, मीठ, साखर

यात सांगण्यासारखं थोडंच आहे. साडेतीन लिटर तेल महिन्याच्या एक तारखेला वेगळ्या कॅनमध्ये काढा आणि तेवढंच वापरा. त्यात तूपही आलं. लाकडी घाण्याचं शेंगदाणा किंवा तिळाचं तेल चवीला उत्तम, पण कॅलरी तितक्याच. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चौघांना किलोची पुडी पन्नास दिवस पुरायला हवी. लोणचं, पापड, फरसाण, खारी मासळी, बाहेरचा वडापाव यांतलं मीठ त्याच्या वर असतं, तेव्हा पुडी साठ दिवस गेली तर उत्तम. गूळ आणि साखर एकाच खात्यात. दोन्ही मिळून महिन्याला तीन किलोंच्या आत, आणि बिस्किटं येत असतील तर त्याहून कमी.

आठवडा कसा बसवायचा

रोजचा मेनू ठरवू नका, साचा ठरवा. सकाळी आंबील, घावन किंवा पोहे (पोह्यांत मूठभर शेंगदाणे आणि मटार). डब्यात पोळी किंवा भाकरी, दाट उसळ, एक भाजी, काकडी किंवा गाजर. रात्री भात, वरण किंवा कालवण, पालेभाजी, ताक. उसळ सकाळी, डाळ रात्री हा क्रम ठेवला की दोन्ही वेळेचा प्रथिनांचा प्रश्न मिटतो. चार वाजताच्या भुकेसाठी पिशवीत भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. ते नसले की स्टेशनावरचा समोसा हटकून घेतला जातो.

डब्यात जाणारी तांदळाची भाकरी उकडीची असेल तर दुपारपर्यंत मऊ राहते. ज्वारीची भाकरी कपड्यात गुंडाळून द्यावी. पालेभाजी डब्याला पाणी सोडते, म्हणून रात्रीला.

सुरुवात एकदम सगळ्याने करू नये. पहिल्या महिन्यात फक्त डाळी-कडधान्यांचा आकडा दहा किलोंकडे न्या आणि तेल मोजा. पोटात गॅस होत असेल तर हळूहळू वाढवा, भिजवलेलं पाणी टाका, आलं-हिंग घाला. दुसऱ्या महिन्यात नाचणी-ज्वारी आणा आणि तेवढाच गहू-तांदूळ कमी करा. वरून भर घातली तर वजन वाढेल. भाज्यांचा आकडा सगळ्यात शेवटी गाठला जातो, त्याला ऋतू बदलावा लागतो.

मे महिन्यात अगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, खरेदी वेगळी करा. आजी-पणजीच्या काळी ती चार महिन्यांची असायची. आता दुकानं पावसातही उघडी असतात, तरी वाल, कुळीथ, सुकी मासळी, आमसूल आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा तेव्हाच घ्याव्यात, कारण नवा माल असतो. कडधान्यं दोन दिवस कडक ऊन दाखवून, पूर्ण गार झाल्यावर कोरड्या डब्यात, वर कडुलिंबाची वाळलेली पानं. सुकी मासळी डब्यात नुसती ठेवली तर जुलैतल्या दमटपणाने बुरशी धरते. हलकी भाजून, हवाबंद पिशवीत, फ्रीझरमध्ये. कांद्याच्या माळा बाल्कनीत नको, पावसाची झड लागते. स्वयंपाकघराच्या आतल्या बाजूला, पंख्याची हवा लागेल अशा टांगाव्यात.

मूत्रपिंडाचा विकार, युरिक ॲसिड किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डाळींचं, मासळीचं आणि भाताचं प्रमाण बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांना ही महिन्याची यादीच दाखवावी. ‘पथ्य काय?’ विचारण्यापेक्षा किलोंतले आकडे समोर ठेवले की उत्तरही किलोंतच मिळतं.